कोऱ्या जुनेपणाचा बाजार

जुन्या गाडीची बाजारातली सर्वांत मोठी स्तुती कोणती, तर ती कुणी फारशी वापरलेली नाही ही. १९९० च्या दशकातल्या जपानी वेगवान गाड्यांची कोणतीही जाहिरात काढून पाहावी. निस्सान स्कायलाइन जीटी-आर, माझ्दा आरएक्स-७, टोयोटा सुप्रा, होंडा एनएसएक्स, यांपैकी कोणतीही गाडी असो, पहिल्या ओळीत अश्वशक्ती नसते, इंजिनाची अवस्था नसते. असतो तो किलोमीटरचा आकडा, आणि तो जितका लहान तितकी किंमत मोठी. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बनलेली गाडी अवघी वीस हजार किलोमीटर चाललेली असावी, आसनांवर बसल्याची खूण नसावी, शक्य तर आतल्या प्लास्टिकचे वेष्टणही शाबूत असावे. अशा गाडीसाठी 'वस्तुसंग्रहालयाच्या दर्जाची' अशी एक पदवी रूढ झाली आहे. ही पदवी, तिच्यामागची वृत्ती आणि त्या वृत्तीला खतपाणी घालणारे लेखन या तिन्हींविरुद्ध मला लिहायचे आहे. या बाजाराचे मूळ एका चुकीच्या वाचनात आहे असे माझे मत असल्यामुळे ते साहित्याच्या वाचकांपुढे मांडणे मला अप्रस्तुत वाटत नाही.

आपल्याकडच्या छोट्या जाहिरातींची आपण थट्टा करतो. 'सिंगल हँड', 'डॉक्टरांनी वापरलेली', 'गाडी पाहताच पसंत'. पण या जाहिरातींत एक प्रामाणिकपणा होता. गाडी वापरलेली आहे हे त्या मान्य करीत आणि वापरणारा माणूस नीटनेटका होता एवढेच सांगत. नवी भाषा वापरणाऱ्यालाच पुसून टाकते.

मी जपानी तांत्रिक कागदपत्रांचा अनुवादक आहे. पुण्यात हा व्यवसाय करणारे पुष्कळ आहेत, आणि आमच्या वाट्याला येतात ती यंत्रांची माहितीपुस्तके, तपासणीचे अहवाल, सुटे भाग पुरवणाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार. साहित्याचा अनुवाद करण्याची हौस असते, पण पोट यावर भरते. दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मला दोन कागद पाठवले. दोन्ही माझ्दा आरएक्स-७ चे होते, १९९७ साली बनलेल्या दोन गाड्यांचे, आणि जपानमधल्या वाहन-लिलावात तयार झालेले. "मामा, वाचून सांग, कोणती घेऊ?" एवढाच प्रश्न होता. मी वाचले, अनुवाद करून पाठवला, आणि त्याने चुकीची गाडी घेतली. अनुवादात एकही शब्द चुकला नव्हता. तरीही त्या चुकीतला काही वाटा माझा आहे, आणि या लेखाला थोडी धार आली असेल तर ती त्यामुळे.

या कागदाविषयी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण निखळ समीक्षेचा इतका चांगला नमुना मला इतरत्र क्वचितच दिसला आहे. जपानमध्ये वापरलेल्या गाड्यांची मोठी उलाढाल व्यापाऱ्यांपुरत्या मर्यादित असलेल्या लिलावगृहांतून होते. यूएसएस हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. लिलावाआधी गृहाचा तपासनीस गाडी पाहतो आणि एका पानावर तिचे वर्णन करतो. वरच्या कोपऱ्यात एकूण दर्जाचा आकडा असतो: नव्यासारख्या गाडीला सहा किंवा पाच, चांगल्या वापरलेल्या गाडीला चार किंवा साडेचार, मग साडेतीन, तीन, असे खाली. सांगाड्यापर्यंत पोहोचलेल्या अपघातानंतर दुरुस्त झालेल्या गाडीला आकड्याऐवजी 'आर' हे अक्षर मिळते. अंतर्भागाला ए, बी, सी, डी अशी वेगळी श्रेणी. आणि पानाच्या एका भागात गाडीची उलगडलेली रेखाकृती असते, जणू खोके उघडून सपाट केले आहे. तिच्यावर तपासनीस खुणा करतो. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर पत्र्यावर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंजाने खाल्लेला पत्रा, दोन फुल्या म्हणजे भाग बदललेला. अक्षरापुढचा आकडा दोषाची मात्रा सांगतो. डाव्या दारावर 'ए१', मागच्या मडगार्डवर 'यू२'. विशेषण एकही नाही.

त्याच पानावर दोन स्वतंत्र चौकटी असतात. एक विकणाऱ्याची, तीत तो गाडीचे गुण लिहितो. दुसरी तपासनिसाची, तीत तपासनीस आपले निरीक्षण लिहितो. दोघांचे म्हणणे शेजारी शेजारी छापले जाते आणि कोण काय बोलत आहे याविषयी वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. आपल्याकडे पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर आणि त्याच पुस्तकाचे परीक्षण यांच्यात ही रेघ कितीदा आढळते, याचा विचार मराठीच्या अध्यापकांनी जरूर करावा. मी स्वतः दोन्ही प्रकारचे लेखन केले आहे आणि ती रेघ ओलांडलीही आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

अर्थात हा कागदही वाचता यावा लागतो. त्यात 'शूफुकु-रेकी नाही' असा शेरा असतो. शब्दशः अर्थ 'दुरुस्तीचा इतिहास नाही'. परदेशी ग्राहक याचा अर्थ 'अपघात झालेला नाही' असा घेतात. वस्तुतः हा पारिभाषिक शब्द फक्त सांगाड्याच्या ठरावीक भागांच्या दुरुस्तीपुरता आहे. बोनेट बदलले, मडगार्ड बदलले, दार बदलले, तरी त्या अर्थाने 'इतिहास' नसतोच. दुसरे उदाहरण अधिक गमतीचे आहे. तपासनीस वारंवार लिहितो, 'शितामावारी साबी', म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूस गंज. गंज या अर्थाचा 'साबी' आणि सौंदर्यशास्त्रातल्या 'वाबी-साबी'मधला 'साबी' हे उच्चारात एक आहेत, लिहिताना त्यांची चिन्हे निराळी. त्यांच्या व्युत्पत्तीच्या वादात मी शिरत नाही. पण एका अमेरिकी विक्रेत्याच्या जाहिरातीत जुन्या गाडीच्या मंद झालेल्या रंगाचे वर्णन 'वाबी-साबी' म्हणून केलेले वाचले, तेव्हा लिलावाच्या कागदावरचा तपासनीस आठवून मला हसू आवरले नाही. ज्याला तो साधा गंज म्हणून मोकळा झाला होता, त्याचे महासागर ओलांडेपर्यंत तत्त्वज्ञान झाले होते.

आता भाच्याचे दोन कागद. पहिली गाडी २२,००० किलोमीटर चाललेली, दर्जा चार, अंतर्भाग बी. दुसरी १,४३,००० किलोमीटर चाललेली, दर्जा साडेतीन, अंतर्भाग सी. पुढचे मडगार्ड बदललेले, चालकाचे आसन झिजलेले, स्टिअरिंगचे चामडे घासलेले. मात्र दुसऱ्या गाडीच्या कागदावर विकणाऱ्याने लिहिले होते की इंजिन पूर्ण खोलून नवे केले आहे, पावत्या आहेत. आणि देखभालीची नोंदवही सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरलेली होती. पहिल्या गाडीची नोंदवही २००३ पाशी थांबत होती.

हे मी लिहून पाठवले: 'नोंदवही २००३ पर्यंत'. तीन शब्द, अचूक. त्यांचा अर्थ मला ठाऊक होता. गाडी त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे कुठेतरी उभी होती, आणि या प्रकारच्या इंजिनाच्या गाडीसाठी ते भयंकर आहे. पण अनुवादकाने भाष्य करू नये हे आमच्या व्यवसायाचे सोवळे, ते मी पाळले. भाच्याने फोनवर विचारले तेव्हाही "दोन्ही ठीक दिसतात, तू बघ" असे मी म्हणालो. तो म्हणाला, "मामा, बावीस हजार म्हणजे नवीच की रे!" मी गप्प बसलो.

आरएक्स-७ चे इंजिन इतर गाड्यांसारखे नाही. त्यात वरखाली होणारे दट्ट्ये नाहीत; फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका लांबट पोकळीत फिरतो. जर्मन अभियंता फेलिक्स वान्केल याच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते, पण ते टिकवले माझ्दाने, आणि १९९१ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत माझ्दाच्या ७८७बी या रोटरी गाडीनेच जिंकली. रोटरच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात आणि पोकळीच्या भिंतीशी त्यांचा जो घट्ट संबंध राहतो त्यावर सगळे इंजिन उभे असते. या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून हे इंजिन थोडे ऑइल जाणूनबुजून जाळते. घरचा जाणकार ऑइल कमी झाल्याचे पाहून घाबरत नाही. कमी झाले नाही तर घाबरतो. इंजिनाचा दाब मोजायचा तर प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे तीन आकडे स्वतंत्र घ्यावे लागतात, त्यासाठी निराळे उपकरण लागते, आणि हे आकडे पाहिल्याशिवाय रोटरी गाडी घेणे म्हणजे शिक्षण, नोकरी, तब्येत यांतले काही न विचारता केवळ फोटो पाहून स्थळ पसंत करणे.

या इंजिनाला सर्वांत वाईट काय, तर थंड अवस्थेत चालू करून लगेच बंद करणे. गाडी धुण्यासाठी दहा फूट पुढे घेतली, पुन्हा बंद केली, की आत न जळलेले पेट्रोल साठते, भिंतीवरचे ऑइल धुऊन जाते, आणि पुढच्या वेळी इंजिन उठत नाही. शोभेसाठी ठेवलेल्या गाडीला नेमके हेच घडते. प्रदर्शनात मागेपुढे, छायाचित्रासाठी उन्हात, मग परत आत. शिवाय इंजिनाच्या थरांमध्ये पाणी आणि जाळ वेगळे ठेवणारी रबरी सील असतात, आणि रबराला किलोमीटर मोजता येत नाहीत, त्याला वर्षेच मोजता येतात. भाच्याची गाडी आली, मित्रांनी पाहिली, गॅरेजच्या आतबाहेर काही वेळा झाली. विक्रेत्याने दाबाची चाचणी 'इतक्या कमी चाललेल्या गाडीला अनावश्यक' ठरवली होती. तिसऱ्या महिन्यात पहिल्या लांबच्या फेरीत मागून पांढरा धूर निघाला. आतली सील गेली होती. इंजिन खोलण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक निघाला. बहिणीने मला एका शब्दाने दोष दिला नाही, हे त्यातल्या त्यात जड गेले.

हा प्रकार रोटरीपुरता आहे असे कुणी म्हणेल. स्कायलाइन जीटी-आरचे पाहा. तिच्या २.६ लिटरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट रबराचाच असतो. १५,००० किलोमीटर चाललेल्या, १९९० साली बनलेल्या गाडीत मूळ बेल्ट अजून असेल तर संग्राहक आनंदाने हात चोळतो: सगळे मूळचे! आणि तो बेल्ट ज्या दिवशी तुटेल त्या दिवशी झडपा आणि दट्ट्ये एकमेकांवर आदळतील. तेही मूळचेच असतील. ब्रेकचे द्रव हवेतले पाणी शोषते, टाकीतले पेट्रोल विटते, टर्बोकडे जाणाऱ्या नळ्या कडक होतात, पुढच्या सस्पेन्शनच्या माथ्याशी आणि जॅक लावण्याच्या जागी पत्र्याच्या घड्यांत गंज धरतो. हे सर्व उभ्या गाडीतही घडते. चालत्या गाडीत ते निदान मालकाच्या लक्षात येते.

आकड्याची आणखी एक गंमत. जपानी बाजारासाठीच्या या गाड्यांचा वेगदर्शक १८० पर्यंतच असे आणि वेगही तिथेच रोखलेला असे. पुष्कळ मालकांनी निस्मोचा ३२० पर्यंतचा वेगदर्शक बसवून घेतला. नव्या वेगदर्शकाबरोबर किलोमीटरची मोजणी शून्यापासून सुरू झाली. म्हणजे ज्या आकड्यासाठी माणसे आयुष्याची बचत ओततात, तो आकडा त्या गाडीच्या वयाचा नसून कधी कधी नुसत्या एका सुट्या भागाच्या वयाचा असतो. अश्वशक्तीचेही तसेच. जपानी कंपन्यांत एक अलिखित करार होता, २८० हून अधिक शक्ती जाहीर करायची नाही. जीटी-आर प्रत्यक्षात त्याहून बलवान आहे हे सगळे जाणून होते आणि कागदावर सगळे २८० लिहीत होते. होंडाच्या लेजंडने २००४ साली ३०० जाहीर करून ते नाटक संपवले. आकड्यावर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी या इतिहासाकडे जरा पाहावे.

आणि ही गाडी कशासाठी बनली होती? ऑगस्ट १९८९ मध्ये आर३२ जीटी-आर विक्रीला आली, जपानी शेअर बाजार आपल्या शिखरावर पोहोचायला चार महिने बाकी असताना. तिचा जन्म शर्यतीच्या नियमांतून झाला. 'ग्रुप ए' या गटात उतरायचे तर त्या प्रकारच्या पाच हजार गाड्या सर्वसामान्यांना विकाव्या लागत. म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक जीटी-आर ही शर्यतीच्या गाडीचे प्रवेशपत्र होती. जपानच्या टूरिंग कार मालिकेत १९९० ते १९९३ या काळात तिने एकोणतीसपैकी एकोणतीस शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची शर्यत १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोनदा जिंकली आणि तिथल्या लोकांनी तिला 'गॉडझिला' हे नाव दिले. चारही चाकांकडे गरजेनुसार शक्ती वळवणारी तिची यंत्रणा घसरणाऱ्या रस्त्यासाठी होती. वातानुकूलित गोदामात ती कोणत्या चाकाकडे शक्ती वळवणार? चौरेचाळीस हजारांच्या आसपास बनलेली ही गाडी आज दुर्मिळ रत्न म्हणून विकली जाते. ती तेव्हा कारखान्यात तयार झालेली, हप्त्यांवर घेतलेली, बर्फात आणि घाटांत पिटाळलेली वस्तू होती.

तिला रत्न कुणी केले? काही अंशी अमेरिकेच्या कायद्याने. १९८० च्या दशकात डॉलर बळकट असताना युरोपातल्या गाड्या परस्पर अमेरिकेत येऊ लागल्या, तेव्हा अधिकृत विक्रेत्यांचे, विशेषतः मर्सिडीजच्या गोटातले, हितसंबंध दुखावले, आणि १९८८ साली आयातीचा कायदा कडक झाला. अमेरिकी सुरक्षा-मानके न पाळणारी गाडी पंचवीस वर्षांची झाल्याखेरीज आणणे सामान्य माणसाला अशक्यप्राय झाले. ही पंचवीस वर्षे महिन्यावर मोजली जातात. पहिली आर३२ २०१४ मध्ये मोकळी झाली, पहिली आर३४ २०२४ मध्ये. तारीख जवळ आली की किमती चढतात, आणि काही गाड्या तर केवळ तो महिना उजाडण्याची वाट पाहत गोदामात ठेवल्या जातात. गाडीत त्या रात्रीतून काहीच बदललेले नसते. सुरक्षेच्या नावाने झालेल्या कायद्याने जुन्या रबराच्या आणि जुन्या ब्रेकच्या गाड्या तेवढ्या आत घेतल्या आणि नव्या बाहेर ठेवल्या, हा विनोद त्या कायद्याच्या कर्त्यांना दिसला की नाही कोण जाणे. भारतात उलटा प्रकार आहे: वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी असता कामा नये. त्यामुळे या गाड्या इथे राहणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला जवळजवळ नाहीतच. त्याच्यासाठी त्या खेळात, चित्रपटात आणि चित्रकथेत आहेत. आपण त्यांचे केवळ वाचक आहोत, आणि म्हणून वाचनाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला उरतो.

या गाड्यांभोवतीच्या मोहाचा एक मोठा स्रोत शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही चित्रकथा आहे. १९९५ ते २०१३ एवढा दीर्घ काळ ती चालली. तिच्या नायकाची गाडी टोयोटाची ८६, १९८० च्या दशकातली, कथेच्या काळात जुनी आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेली. तो टोफू विकणाऱ्याचा मुलगा आहे. शाळकरी वयापासून रोज पहाटे घाटातून टोफू पोहोचवून येतो. आतला टोफू फुटू नये म्हणून पाण्याचा पेला ठेवून, पाणी सांडू न देता चालवायला तो शिकतो. त्याचे सारे कौशल्य आणि त्या गाडीचे सारे तेज या एका गोष्टीतून आले आहे: रोजच्या वापरातून. पुढे शर्यतीत तिचे इंजिन निकामी होते आणि दुसरेच बसवले जाते. कथा थांबत नाही, गाडी 'खोटी' ठरत नाही. दारावर दुकानाचे नाव रंगवलेले असते. इतके स्पष्ट कथानक मला दुसरे सांगता येणार नाही. आणि याच कथेच्या चाहत्यांनी त्या गाडीच्या किमती इतक्या चढवल्या की आज तिच्यातून टोफू काय, किराणाही कुणी आणणार नाही. दारावर तीच अक्षरे चिकटवून, कमी चाललेली, मूळ इंजिनाची, मूळ रंगाची ८६ झाकून ठेवणारा माणूस त्या कथेचा भक्त म्हणवतो. त्याने ती कथा वाचलेली नाही. तिची पूजा केली आहे.

हे आपल्याला नवे नाही. लाल फडक्यात बांधलेली, हळदीकुंकू वाहिलेली, पण सोडून कधी न वाचलेली पोथी कुणी पाहिलेली नाही? पुस्तकांच्या संग्राहकांतही पाने न कापलेली प्रत अधिक मोलाची मानणारे असतात, म्हणजे जिची कुणी वाचक म्हणून दखलच घेतली नाही ती. मला स्वतःला पदपथावर मिळालेली, आधीच्या विद्यार्थ्याने समासात भांडण मांडलेली प्रत नेहमी अधिक उपयोगी पडली. आपल्या समीक्षेतली 'अजरामर', 'कालातीत', 'अस्पर्श' ही विशेषणे जाहिरातीतल्या 'वस्तुसंग्रहालयाच्या दर्जाच्या' जवळच्या नात्यातली आहेत. लिलावगृहातल्या तपासनिसाने कादंबरी वाचली असती तर लिहिले असते: मधल्या भागात लाट, शेवट बदललेला, पाया शाबूत. आणि हे वाचून ती कादंबरी वाचावीशी वाटली असती.

वापराला बाजारात मान मिळतो तो एकाच अटीवर, वापरणारा प्रसिद्ध असला पाहिजे. २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरिअस'मध्ये पॉल वॉकरने चालवलेली नारिंगी सुप्रा २०२१ साली लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. मूळ गाडीत किती बदल केले होते याची त्या दिवशी कुणाला चिंता नव्हती. म्हणजे मूळपणाचे तत्त्व तरी खरे आहे काय?

विरुद्ध पक्षाची एक बाजू मला मान्य केलीच पाहिजे. काही गाड्या जशा निघाल्या तशा राखल्या गेल्या पाहिजेत. नाहीतर एखादा खिळा कोणत्या रंगाचा होता, आसनाचे कापड कसे विणले होते, हे उद्या कोणाला कळणार नाही. प्रमाण प्रत लागतेच. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्याला ते सांगायला नको. पण हे काम कंपनी करते. कानागावा प्रांतात झामा येथे निस्सानचा स्वतःचा संग्रह आहे, तीनशेच्या आसपास गाड्यांचा, आणि त्यांतल्या पुष्कळ गाड्या चालत्या स्थितीत राखल्या जातात. खरे संग्रहालय गाडीचे ऑइल बदलते. बाजारातला 'संग्रहालयाचा दर्जा' गाडीवर आच्छादन घालतो.

आणि दुसरी बाजू अशी की चालवणारे होते म्हणूनच या गाड्या वाचल्या. निस्मोने २०१७ च्या अखेरीस आर३२ चे बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले, टोयोटा आणि माझ्दा यांनीही पुढे सुप्रा आणि आरएक्स-७ साठी तसेच केले. होंडाने तर एनएसएक्स नवी असतानाच, १९९३ साली, जुन्या झालेल्या एनएसएक्स कारखान्यात परत घेऊन ताज्या करून देण्याची योजना सुरू केली होती. हे भाग कुणासाठी बनतात? ज्यांचे भाग झिजतात त्यांच्यासाठी. आच्छादनाखालच्या गाडीला रबरी नळी लागत नाही, म्हणून तिचा मालक ती मागत नाही, म्हणून केवळ तेच मालक उरले असते तर ती बनली नसती. रोटरी इंजिन खोलून जोडणारा कारागीर वर्षाला किती इंजिने उघडतो त्यावर त्याचा हात राहतो. इसेचे मंदिर दर वीस वर्षांनी नवे बांधतात, २०१३ साली ते बासष्टाव्यांदा झाले, आणि त्यात सुतारांच्या पिढ्या शिकत राहतात. परदेशी लेखक हे उदाहरण उठसूट देतात म्हणून मला ते द्यायचा संकोच होता. पण ज्या देशाच्या गाड्यांवर वाबी-साबीचा शिक्का मारला जातो, त्या देशातले हेही एक चालते उदाहरण आहे, आणि ते संग्राहकाच्या बाजूचे नाही.

भाच्याच्या गाडीचे इंजिन आता पुन्हा जोडले गेले आहे. काम करणारा न्यू जर्सीतला नव्हता, ते दुसऱ्या राज्यात पाठवावे लागले, आठ महिने गेले. 'मूळ इंजिन उघडलेले' म्हणून तिची विक्रीची किंमत उतरली, असे त्याला एका जाणकाराने कळवले. ते ऐकल्यावर त्याने ती विकायचा विचार सोडून दिला आणि आता तो तिने दर शनिवारी बाजारहाट करतो. आकडा तीस हजारांच्या पुढे गेला आहे. दर महिन्याला तो मला ऑइल किती कमी झाले ते कळवतो. मागच्या आठवड्यात त्याने मित्रासाठी आणखी एक कागद पाठवला, एका आर३३ चा. मी त्याचा अनुवाद केला, आणि या वेळी खाली, तपासनिसाच्या चौकटीबाहेर, माझ्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या: बेल्ट कधी बदलला ते विचारा, वेगदर्शक मूळचा आहे का ते विचारा, आणि २०११ ते २०१९ या काळातल्या पावत्या का नाहीत ते विचारा.